प्रार्थना त्यांची, हेडफोन आपले

1966 साली मोरीस द्युरुफ्ले या फ्रेंच संगीतकारानं एक मिस्सा लिहिली. मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना. आणि त्या उपासनेतल्या ठरलेल्या प्रार्थनांना लावलेल्या संगीतालाही मिस्साच म्हणतात. शब्द लॅटिन. चाली मध्ययुगातल्या ग्रेगोरियन चांटवर बेतलेल्या. गाणारे फक्त पुरुष, तेही सगळे एकाच सुरावटीत, आणि साथीला ऑर्केस्ट्रा किंवा नुसता ऑर्गन. नाव 'मेस कुम युबिलो', म्हणजे साधारणपणे 'उल्हासाची मिस्सा'. ऐकायला वीसेक मिनिटं लागतात.

यातलं लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे साल. तीनच वर्षांपूर्वी, 4 डिसेंबर 1963 रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेत लोकांची भाषा वापरायला परवानगी दिली होती. 7 मार्च 1965 ला पोप सहावे पॉल यांनी रोममधल्या एका चर्चमध्ये स्वतः इटालियनमध्ये मिस्सा म्हटली. फ्रान्समध्ये रविवारच्या उपासनेत फ्रेंच ऐकू येऊ लागली होती, लॅटिनबरोबर लॅटिनच्या चालीही मागे पडत होत्या. आणि नेमक्या त्या वेळी चौसष्ट वर्षांचा हा माणूस, ज्यानं आयुष्यभर मोजकंच लिहिलं, तो त्याच चालींवर नवं काम करत बसला होता.

हे काम मी गेली काही वर्षं ऐकतो आहे. मी ख्रिस्ती नाही आणि लॅटिन मला येत नाही. रात्री हेडफोन लावून ऐकतो, आवडतं म्हणून. पण ऐकताना एक प्रश्न पाठ सोडत नाही. एखादी गोष्ट ज्यांच्या रोजच्या जगण्यातली आहे तेच ती सोडून देत असतील, तर बाहेर उभं राहून 'सोडू नका, किती सुंदर आहे' असं म्हणायचा हक्क आपल्याला कुठून येतो? आणि आतल्याच कुणी तसं म्हटलं तर?

आधी चांट म्हणजे काय ते थोडं. चांट म्हणजे एकच सुरावट. खाली तानपुरा नाही, ताल नाही, दुसऱ्या आवाजाची जोड नाही. शब्द म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. मधेच एखाद्या अक्षरावर मात्र वीस-तीस स्वर ओवलेले असतात. आपल्याला आलापाची आठवण होते खरी, पण आलाप गाणारा त्या क्षणी रचत असतो आणि त्याचं नाव मैफलीच्या बोर्डावर असतं. इथं प्रत्येक स्वर आधीच ठरलेला, रचणारा बहुतेक वेळा अज्ञात, आणि गाणाऱ्याचा आवाज ओळखू येऊ नये अशीच अपेक्षा. समोर श्रोता असेल असं यात गृहीतच धरलेलं नाही. मठातले भिक्षू दिवसरात्र मिळून आठ वेळा जमायचे आणि गायचे, ऐकायला कुणी असो वा नसो.

या चाली पुढे पुस्तकांत संचांनी बांधल्या गेल्या. त्यातल्या नवव्या संचाचं नाव 'कुम युबिलो'. मेरीमातेच्या सणांना तो म्हणायचा. त्यातल्या वेगवेगळ्या प्रार्थनांच्या चाली अकराव्या ते चौदाव्या शतकातल्या मानतात, म्हणजे एका संचात तीनेकशे वर्षांची माणसं शेजारी शेजारी बसलेली आहेत. द्युरुफ्लेनं हा संच घेतला. किरिये, ग्लोरिया, सांक्तुस, बेनेदिक्तुस आणि आग्नुस देई असे पाच भाग. एरवी मिस्सेत 'क्रेदो' असतो, 'माझी श्रद्धा आहे' असं सांगणारा. तो इथं नाही. कारण अगदी साधं आहे: जुन्या पुस्तकात क्रेदोच्या चाली वेगळ्या छापलेल्या असतात, संचात नसतात. पण माझ्यासारख्या नास्तिक श्रोत्याची त्यामुळे आयतीच सोय झाली, हे कबूल केलं पाहिजे. जे म्हणता आलं नसतं तेवढंच नेमकं गाळलेलं आहे.

आवाज एका ओळीत चालतात. खाली वाद्यांमध्ये मात्र विसावं शतक आहे, देब्युसी आणि राव्हेल यांच्या पॅरिसचे धूसर, सरकते स्वरमेळ. वरची ओळ जवळजवळ तशीच राहते आणि खालचा प्रकाश बदलत जातो. लय पकडायला गेलात तर हाती लागत नाही. ग्रेगोरियन लय दोन-दोन आणि तीन-तीन स्वरांच्या गटांनी पुढे सरकते असं सोलेमच्या मठातल्या भिक्षूंनी मांडलं होतं. द्युरुफ्लेनं ती आधुनिक मात्रांमध्ये बसवली, पण मात्रांची संख्या सतत बदलत ठेवली. समेची सवय झालेला आपला कान पहिली काही मिनिटं सम शोधत राहतो. मग शोधणं सोडून देतो, आणि तिथून खरं ऐकणं सुरू होतं. निदान माझं तरी.

द्युरुफ्लेचा जन्म 1902 मधला, नॉर्मंडीतल्या लूव्हिये गावातला. दहाव्या वर्षी त्याला रुआँच्या कॅथिड्रलमधल्या गायनशाळेत ठेवलं. तिथं तो सहा वर्षं गायला. दहा वर्षांच्या मुलाला लॅटिन कितीसं कळणार? पण सणांमागून सण येत होते, प्रत्येकाची चाल वेगळी, आणि ती घशात बसत होती. पुढे पॅरिसमध्ये तो नावाजलेला ऑर्गनवादक झाला. पास्कल आणि रासीन जिथं पुरलेले आहेत त्या सां-तेत्यान-द्यु-माँ चर्चचा ऑर्गन आयुष्यभर त्याच्याकडे होता. लिहिणं मात्र अतिशय संथ. प्रकाशित कामांचे क्रमांक चौदावर संपतात. लिहायचा, खोडायचा, छापून झाल्यावरही दुरुस्त करायचा.

या संथपणाचा एकदा त्याला फायदाही झाला असावा. 1941 साली जर्मनांपुढे झुकलेल्या व्हिशी सरकारनं संगीतकारांना कामं द्यायची योजना आखली होती, त्यात द्युरुफ्लेलाही एक काम मिळालं. त्यातून निघालं त्याचं सगळ्यात प्रसिद्ध काम, 'रेक्विएम', मृतांसाठीची मिस्सा, तीही जुन्या चांटवरच उभारलेली. पण ते पूर्ण झालं 1947 मध्ये. तोपर्यंत ते सरकार जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि कामावर अर्पण म्हणून वडिलांची स्मृती होती. मी हे सांगतो आहे कारण चांटभोवती एक धुकं असतं. हे संगीत काळाच्या बाहेरचं आहे, पवित्र आहे, त्याला राजकारणाचा स्पर्श नाही, असं. स्पर्श होता. पैसे कुणीतरी देतच होतं.

त्या धुक्यातली दुसरी गोष्ट म्हणजे चांटचं प्राचीनपण. पोप ग्रेगरी यांच्या कानात पवित्र आत्म्यानं कबुतराच्या रूपात चाली सांगितल्या अशी आख्यायिका आहे, नाव त्यावरूनच पडलं. प्रत्यक्षात आज जो चांट म्हणून ओळखला जातो तो ग्रेगरींनंतर दोनेकशे वर्षांनी फ्रँकिश राज्यात घडला. आणि तोही सलग आपल्यापर्यंत आलेला नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये छापलेल्या आवृत्तीनं लांबलचक स्वरमाला 'उगाच लांबवलेल्या' म्हणून छाटून टाकल्या. फ्रेंच राज्यक्रांतीनं मठच बंद केले. 1833 मध्ये प्रॉस्पेर गेरांजे या धर्मगुरूनं सोलेमचा ओस पडलेला मठ पुन्हा सुरू केला, आणि तिथल्या भिक्षूंनी युरोपभरातली जुनी हस्तलिखितं जमवून, नकलून, पुढे त्यांचे फोटो काढून, एकेक चाल पुन्हा जुळवली. 1889 पासून त्यांनी हस्तलिखितांच्या फोटोंचे खंड छापले. 1903 मध्ये पोप दहावे पायस यांनी हा चांट सगळ्या चर्चमध्ये, सामान्य लोकांच्या तोंडी, परत आणायचा आदेश काढला.

हिशेब करून पाहा. 1903 मध्ये आदेश, 1912 मध्ये रुआँत दहा वर्षांचा द्युरुफ्ले, 1963 मध्ये परिषद. ज्याला तो 'शेकडो वर्षांचं' समजून जपत होता त्याची ही नवी आवृत्ती त्याच्या स्वतःच्या वयाएवढीच होती. यामुळे चांट खोटा ठरत नाही. पण 'हे अनादी काळापासून असंच चालत आलंय, आता मोडू नका' हा युक्तिवाद मात्र पडतो. ते मोडलं होतं. कुणीतरी मुद्दाम, कष्टानं, कागदावरून उचलून परत गळ्यात घातलं होतं. कागद ते गळा हा प्रवास शक्य असतो, पण त्यासाठी काही पिढ्यांची माणसं मठात बसून काढावी लागतात, हे इथं नोंदवून ठेवतो.

आता दुसरी बाजू. ती मला जवळची आहे, आणि मराठी वाचणाऱ्या बहुतेकांना असेल.

सामान्य माणसासाठी लॅटिन मिस्सा म्हणजे काय होती? धर्मगुरू वेदीकडे तोंड करून हळू आवाजात काहीतरी म्हणतोय, वर गायकवृंद गातोय, आणि खाली बसलेल्या बाया आपापली जपमाळ ओढताहेत. एकाच छताखाली दोन वेगळ्या प्रार्थना. परिषदेत जमलेल्या बिशपांना ही फट दिसत होती. म्हणून 1963 चा तो ठराव 2,147 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला. चार! लोकांनी नुसतं हजर राहू नये, सहभागी व्हावं; आणि सहभागी व्हायचं तर काय चाललंय ते कळायला हवं.

याला विरोध कसा करणार? आपण ज्या भाषेत वाढलो तिचा मोठेपणाच या गोष्टीत आहे. गीता मराठीत आणली म्हणून ज्ञानेश्वर आपले. त्या ओवीचा धागा थेट चर्चपर्यंतही गेला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि 1616 मध्ये राशोलला त्यानं 'क्रिस्तपुराण' छापलं, जवळपास अकरा हजार मराठी ओव्यांचं. धर्मांतरानंतर ज्यांची पुराणं सुटली होती त्यांच्यासाठी. त्या धर्मांतरांत सक्ती किती होती हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण स्टीफन्सला एक गोष्ट कळली होती: माणसं देवाची गोष्ट आपल्या छंदात मागतात. वेदीवरची मिस्सा मात्र त्यानंतरही साडेतीनशे वर्षं लॅटिनच राहिली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन आणि लॅटिन स्तोत्रं शिकवली जात. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांतले कित्येक गोवेकर वादक याच परंपरेतून आले, म्हणजे आपली जुनी सिनेगीतं एका अर्थानं त्या लॅटिनची लांबची नातेवाईक आहेत. परिषदेनंतर गोव्यात कोंकणी आली, वसईत मराठी आली. आज वसईतली एखादी आजी आपल्या प्रार्थनेतला शब्द न् शब्द समजून म्हणते. तिला कुणी सांगावं की बाई, तुम्ही लॅटिनच म्हणा, कारण ते आमच्या कानाला फार गोड लागतं?

तर भाषेच्या प्रश्नात मी परिषदेच्या बाजूचा आहे. शिवाय लॅटिन ही तरी कुठे मुळापासूनची? सुरुवातीला रोममधले ख्रिस्ती ग्रीकमध्ये प्रार्थना करत. चौथ्या शतकापर्यंत रोममधली उपासना लॅटिनमध्ये आली, कारण लोक लॅटिन बोलत होते. म्हणजे लॅटिनही कधीकाळी लोकभाषा म्हणूनच आत शिरली. मिस्सेच्या सुरुवातीचे 'किरिये एलेइसोन' हे शब्द मात्र ग्रीक आहेत, 'प्रभू, दया कर'. लॅटिनच्या भर अंमलातही हे ग्रीक शब्द शेकडो वर्षं म्हटले गेले आणि कुणाचं अडलं नाही.

पण इथंच 'कळणं' या शब्दाशी मला थोडं भांडावंसं वाटतं. गणपतीत आरत्या संपल्या की आपण मंत्रपुष्पांजली म्हणतो. सगळे म्हणतात, वरच्या पट्टीत, श्वास पुरेल तिथपर्यंत. त्यातल्या राज्यांच्या यादीचा अर्थ दहातल्या एकाला तरी सांगता येईल का? तरी ती म्हटली नाही तर आरती झाल्यासारखी वाटत नाही. तिथं आपण अर्थ म्हणत नसतो. वर्षातून एकदा तेच शब्द त्याच माणसांबरोबर त्याच ठिकाणी आलो, हे म्हणत असतो. कळण्याचा हाही प्रकार आहे, आणि तो भाषांतरात जात नाही. नव्या भाषेतल्या नव्या चालीला तो मिळायला पुन्हा दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात. परिषदेनंतर घाईघाईत आलेली बरीचशी नवी गाणी तेवढी टिकलीच नाहीत. शब्द समजले, पण गळ्यात काही उरलं नाही.

गंमत म्हणजे परिषदेनं चांट टाकून द्या असं म्हटलंच नव्हतं. ठरावात उलट आहे: लॅटिन जपावी, आणि इतर बाबी समान असतील तर ग्रेगोरियन गायनाला पहिलं स्थान द्यावं. हा 'इतर बाबी समान असतील तर' फार थोर शब्दप्रयोग आहे. इतर बाबी कधी समान असतात? एखाद्या गावातल्या फादरकडे गिटार वाजवणारी चार मुलं आहेत आणि लॅटिन शिकवणारं कुणी नाही. तो काय करेल? 1974 मध्ये पोप सहावे पॉल यांनीच सोप्या लॅटिन चालींची एक छोटी पुस्तिका जगभरच्या बिशपांना पाठवली, निदान एवढ्या तरी सगळ्यांना याव्यात म्हणून. ती बहुतेक ठिकाणी कपाटात राहिली. चांट बंद करायचं कुणी ठरवलं नव्हतं. जपायचं ठरलं होतं, आणि तरी तो गेला. मला यातलं हे सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच गोष्टी अशाच जातात. कुणी खलनायक सापडत नाही.

मग 1971 मध्ये एक विचित्र गोष्ट घडली. जुनी लॅटिन मिस्सा पूर्ण बंद करू नये असं पत्र ब्रिटनमधून पोपना गेलं, पन्नासहून अधिक लेखक-कलावंतांच्या सह्यांचं. त्यातले अनेक जण कॅथलिक नव्हते. व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन ज्यू. आयरिस मर्डोक तत्त्वज्ञ आणि कादंबरीकार, देव न मानणारी. आणि अगाथा ख्रिस्ती, अँग्लिकन. पत्राचा मुद्दा असा होता की या उपासनेतून शतकानुशतकं चित्रं, शिल्पं, संगीत, कविता जन्मल्या. तेव्हा ती एकट्या चर्चची नाही, अख्ख्या मानवी संस्कृतीची आहे. पोपनी इंग्लंड आणि वेल्सपुरती काही प्रसंगी परवानगी दिली. पोपनी यादीतलं अगाथा ख्रिस्तीचं नाव वाचलं आणि सही केली अशी एक कथा सांगतात. म्हणून त्या परवानगीला आजही तिच्या नावानं ओळखतात. मृतदेह वेळेत सापडल्यामुळे वाचलेली मिस्सा, असा विनोद करायचा मोह होतो.

या पत्राकडे मी दोन्ही बाजूंनी पाहतो. माझ्यासारख्यांची बाजू घेणारं ते पत्र आहे. मी पैसे न देता, गुडघे न टेकता, काही न मानता हे संगीत ऐकतो आणि ते उरावं असं मला वाटतं. पण त्या पत्रातली मागणी नीट वाचली तर ती अशी आहे: आम्ही प्रार्थना करणार नाही, तुम्ही करा, आणि आम्हाला आवडते त्या पद्धतीनं करा. ज्या बाईला तिच्या देवाशी तिच्या भाषेत बोलायचं आहे तिला आपण म्हणतोय, तुझं बोलणं आमचा वारसा आहे, जरा थांब. हे मला पटत नाही. सौंदर्यावरचं प्रेम कितीही खरं असलं तरी त्याचा खर्च दुसऱ्याच्या गुडघ्यांवर टाकता येत नाही. वारली चित्रं आवडतात म्हणून वारल्यांनी कुडाच्या घरातच राहावं म्हणणारे लोक आपण पाहिलेत. त्यांच्याशी आपण भांडतो. मग इथं वेगळा न्याय कसा लावायचा?

यावर एक चांगलं उत्तर आहे, आणि ते सोडवायला मला बराच वेळ लागला. उत्तर असं: आज सोडून देणारे हेच फक्त मालक नाहीत. उद्या जन्मणारी मुलंही मालक आहेत, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. रुआँतल्या दहा वर्षांच्या मुलानं चांट निवडला नव्हता. तो त्याच्या वाट्याला आला, कारण आधीच्या कुणीतरी तो चालू ठेवला होता. रोजचं गाणं एकदा थांबलं की पुढच्या मुलाच्या वाट्याला रेकॉर्डिंग येतं, आणि रेकॉर्डिंगमधून घसा तयार होत नाही. हे खरं आहे. पण या उत्तरातूनही मागणी करायचा हक्क कुणाला मिळतो? ज्याचा घसा त्यात गुंतला आहे त्याला. त्यानं ते स्वतः गात राहावं, आपल्या मुलांना शिकवावं, चर्चशी भांडावं. मेनुहिनची सही आणि द्युरुफ्लेचं पेन यांत मला हा फरक दिसतो. द्युरुफ्लेही परिषदेनंतरच्या बदलांवर नाराज होता आणि त्यानं ते लपवलं नाही. पण तो आतला होता, आणि नाराजीच्या जोडीला त्यानं वीस मिनिटांचं काम केलं.

आणि काम कसं केलं ते पाहा. रेक्विएममध्ये चार आवाजांचा वृंद आहे, चाली एका आवाजाकडून दुसऱ्याकडे जातात, फुलतात. 'कुम युबिलो'मध्ये त्यानं ते सगळं काढून टाकलं. फक्त पुरुषांचे आवाज, सगळ्यांना एकच ओळ, अधूनमधून एकटा बॅरिटोन गायक. ज्या काळात चर्चमधले आवाज वेगवेगळ्या दिशांना पांगत होते त्या काळात त्यानं पन्नास माणसांना एका ओळीत उभं केलं. गाणाऱ्यांना विचारलं तर ते सांगतात की हे चार आवाजांत गाण्यापेक्षा अवघड आहे. चार आवाजांत चूक झाकली जाते. एका ओळीत एकाचा स्वर केसभर सरकला तरी सगळ्यांना ऐकू येतो.

तरी एक आक्षेप उरतोच, आणि तो मला मोडता येत नाही. हे काम गायला तयार वृंद लागतो, ऑर्केस्ट्रा किंवा चांगला ऑर्गन लागतो, तिकीट काढून येणारे लोक लागतात. ज्या संगीतात श्रोता नव्हता त्याला श्रोता मिळाला. मठातला भिक्षू चुकला तरी प्रार्थना होतेच. सभागृहात चुकला तर कार्यक्रम पडतो. म्हणजे द्युरुफ्लेनं चांट वाचवला की त्याचा काचेच्या पेटीतला नमुना केला? 1994 साली स्पेनमधल्या सांतो दोमिंगो दे सिलोस मठातल्या भिक्षूंची जुनी रेकॉर्डिंग्ज 'चांट' नावानं नव्यानं विकली गेली, ताण घालवणारं संगीत म्हणून. लाखो प्रती खपल्या. भिक्षू पॉप स्टार झाले, मठाबाहेर टूरिस्ट बस लागल्या. आज कुठल्याही अॅपवर 'अभ्यासासाठी', 'झोपेसाठी' अशा याद्यांमध्ये पावसाच्या आवाजाशेजारी ग्रेगोरियन चांट सापडतो. 'प्रभू, दया कर' हे कुणीतरी खरोखर घाबरून, खरोखर मागून म्हटलेलं वाक्य आहे. आपण त्यावर एक्सेल शीट भरतो.

'कुम युबिलो' त्या याद्यांमध्ये सहसा नसतं. प्रयत्न करून पाहिला, त्यावर झोप येत नाही. ग्लोरियामध्ये वाद्यं अशी उसळतात की माणूस दचकून जागा होतो. एवढं एक त्याच्या बाजूनं सांगता येईल: पार्श्वभूमीला लावायच्या कामाचं ते नाही. ऐकायचं तर बसून ऐकावं लागतं, आणि बसून ऐकताना केव्हातरी शब्दांचा अर्थ शोधावासा वाटतो. मी शोधला. त्यामुळे मी आस्तिक झालो नाही. पण किरिये ऐकताना आता कुणीतरी काहीतरी मागतंय हे विसरता येत नाही, आणि हेडफोनवरून दुसऱ्याचं मागणं ऐकणं हे थोडं अवघडल्यासारखं आहे. ते तसंच असावं असं मला वाटतं.

29 मे 1975 ला द्युरुफ्ले आणि त्याची बायको मारी-मादलेन यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. तीही मोठी ऑर्गनवादक. 'कुम युबिलो' तिलाच अर्पण केलेलं आहे. ती सावरली, पुन्हा वाजवू लागली. तो मात्र त्यातून पूर्ण उठला नाही. 1986 मध्ये गेला, त्याआधीची वर्षं बहुतेक घरातच काढली. त्या अवस्थेत, 1977 मध्ये, त्यानं आपलं शेवटचं काम लिहिलं, चौदावा क्रमांक. 'नोत्र पेर', म्हणजे 'आमच्या बापा' ही प्रभूची प्रार्थना. दोनेक मिनिटांची. साधी, सगळे आवाज बरोबरीनं चालणारी, एखाद्या छोट्या गावच्या चर्चमधल्या हौशी गायकांनाही जमेल अशी. हेही मारी-मादलेनसाठीच.

ती लॅटिनमध्ये नाही, फ्रेंचमध्ये आहे. त्यातही जुन्या, पाठ असलेल्या फ्रेंचमध्ये नाही. त्या जुन्या भाषांतरात देवाला अदबीनं 'तुम्ही' म्हटलं जायचं. 1966 मध्ये, म्हणजे 'कुम युबिलो'च्याच वर्षी, फ्रान्समध्ये नवं भाषांतर आलं, त्यात देवाला 'तू' म्हटलं होतं. द्युरुफ्लेनं हे नवं घेतलं.